दाजींची पापणी

दाजींना साइटवर सगळेच दाजी म्हणत. सेंट्रिंगवाले म्हणत, गवंडी म्हणत, गेटवरचा वॉचमन म्हणे, आणि कालपरवा कॉलेजातून बाहेर पडलेली इंजिनिअर मॅडमसुद्धा वॉकीटॉकीवर बिनदिक्कत "दाजी, ऐकताय ना?" असं विचारी. जणू अख्ख्या साइटची बहीण एकट्या दाजींच्या घरी नांदत होती. खरं तर नांदत होती ती एकाचीच. खाली उभा राहून क्रेनला सूचना देणारा जो सिग्नलवाला, तो दाजींचा सख्खा मेव्हणा. तो दिवसभर वॉकीटॉकीवर "दाजी वर घ्या, दाजी थांबा" असं ओरडे. ते चॅनल सगळ्यांच्याच कमरेला लटकलेलं असल्यामुळे पहिल्या आठवड्यातच नात्याचं नाव होऊन बसलं.

दाजी टॉवर क्रेन चालवत. सकाळी सातला शिडीला हात घालायचा, अकरा टप्पे चढून केबिनमध्ये जाऊन बसायचं, ते संध्याकाळी साडेपाचलाच उतरायचं. डबा वर, पाणी वर, आणि ज्याचा उल्लेख चारचौघांत करत नाहीत त्या कामासाठी एक रिकामी बाटलीही वर. केबिन म्हणजे काचेची पेटी. पुढे काच, बाजूला काच, पायाखालीसुद्धा काच. खुर्चीच्या दोन बाजूंना दोन दांडे. डाव्या दांड्याने क्रेनचा लांब हात फिरवायचा आणि हूक पुढेमागे न्यायचा, उजव्याने हूक वरखाली करायचा. दोन्ही सोडले की क्रेन जागच्या जागी थांबते. यंत्र एवढंच, बाकी सगळा खेळ नजरेचा. आणि नजरेच्या बाबतीत दाजींचा शब्द म्हणजे शब्द होता. वरून त्यांना खालच्या गवंड्याची विडी पेटलेली दिसायची, असं लोक म्हणत. त्यात निम्मी थाप होती, पण दाजींनी ती कधी खोडून काढली नाही.

या नजरेवर चार महिन्यांपूर्वी संकट आलं ते भलत्याच वाटेने. नजर होती तशीच होती. पडायला लागली ती पापणी.

डावी पापणी. सकाळी चढताना ठणठणीत, जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्ध्यावर, आणि चारच्या सुमाराला दुकानाच्या शटरसारखी पार खाली. दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही. उचलायला जावं तर कपाळावर आठ्या चढत, भुवई थेट हेल्मेटला जाऊन भिडे, आणि पापणी आपली ढिम्म. आपल्याच अंगाचा एवढासा तुकडा आपलं ऐकत नाही, याचा दाजींना आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग जी भीती बसली ती बसलीच.

अर्ध्या पापणीखालून बघायचं तर मान मागे टाकावी लागते. दाजी मान मागे टाकून चालायला लागले. साइट म्हणजे काय, रिकाम्या तोंडांना चघळायला काहीतरी हवंच असतं. मॅडमनी मीटिंगमध्ये कौतुक केलं तेव्हापासून दाजींचं नाक वर झालंय, अशी बातमी फिरली. संध्याकाळी उतरताना दाजी काळा चष्मा लावायला लागले, तेव्हा तर हद्दच झाली. "काय दाजी, हिरोचं काम मिळालं वाटतं," असं मेव्हणा सगळ्यांसमोर म्हणाला. दाजी हसले. गर्विष्ठ म्हणा, हिरो म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा. फक्त डोळ्याचं नाव काढू नका.

घरी मात्र चष्मा चालत नव्हता. घरात बायको होती, आणि बायकोला दिसत नाही असं काही नव्हतं.

"हे पापणीवर काय उठलंय?" तिने एकदा विचारलं. दाजी दिवसा पापणीला चिकटपट्टी लावून ती भुवईला चिकटवून ठेवत, तिचा तो वळ होता.

"हेल्मेटचा पट्टा काचतो."

"हेल्मेट डोळ्यावर घालता का?"

दाजींनी ताटात मान घातली. पापणी दिसू नये म्हणून जेवतानाही मान खालीच, त्यामुळे बायकोला वाटे हे गृहस्थ आपल्यावर रुसलेत. ती चिडून म्हणायची, "तोंडाकडे बघून तरी बोला की." दाजींना तोंडाकडे बघायचं होतं हो, पण मान मागे टाकून बायकोकडे बघितलं की ती म्हणे, "आता असं काय बघताय, मी काही चोरलंय का तुमचं?" घरात अडकल्यासारखं झालं. वर केबिनमध्ये तरी एकटं असायचं.

डॉक्टरकडे ते गेले होते, नाही असं नाही. रजेच्या दिवशी, तीन बस बदलून, लांबच्या डॉक्टरकडे, जिथे ओळखीचं कुत्रंसुद्धा भेटणार नाही. डॉक्टरबाईंनी रुमालात बर्फ गुंडाळून पापणीवर दोन मिनिटं दाबून धरला. रुमाल काढला तर डोळा टक्क उघडा! दाजींना वाटलं, बरे झालो. बाई म्हणाल्या, "थांबा, इतक्यात खूश होऊ नका." दहा मिनिटांत पापणी पुन्हा खाली. बाईंनी समजावून सांगितलं की यात डोळा चांगला असतो, पापणी उचलणारा स्नायू दुबळा होतो. काम केलं की थकतो, विश्रांती दिली की पुन्हा तरतरीत होतो. रक्त तपासू, गोळ्या आहेत, घाबरायचं कारण नाही. पण दुसऱ्या डोळ्यावरही येऊ शकतं.

"काम काय करता?"

"दुकानात बसतो," दाजी म्हणाले.

"मग ठीक आहे. गाडी चालवता का? ती मात्र बंद."

"माझ्याकडे सायकलसुद्धा नाही हो," दाजी म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

त्यानंतर ते तिकडे फिरकले नाहीत. रक्ताचा रिपोर्ट तिथेच राहिला. बर्फाची युक्ती मात्र त्यांनी उचलली. रोज थर्मासमध्ये बर्फ भरून वर नेऊ लागले. बायकोला वाटे सरबत करतात.

आता कुणी म्हणेल, एवढी लपवाछपवी कशाला? सरळ सांगावं, चार दिवस खाली बसावं, गोळ्या घ्याव्यात, बरं व्हावं. म्हणायला सोपं आहे. क्रेनच्या धंद्यात ऑपरेटर आणि सिग्नलवाला ही जोडी असते. ऑपरेटर आपला माणूस स्वतः निवडतो, कारण जीव त्याच्या आवाजावर टाकायचा असतो. जोडी येते आणि जोडीच जाते. दाजी खाली बसले तर नवा ऑपरेटर येणार, तो त्याचा माणूस घेऊन येणार, आणि मेव्हण्याला कुणी उभं करणार नाही. मेव्हण्याला दुसरं काही येत नव्हतं. आठ वर्षांपूर्वी तो तीन ठिकाणांहून हाकलला जाऊन घरी बसला होता, तेव्हा बायको दाजींना म्हणाली होती, "माझ्या भावाला तेवढं सांभाळा, दुसरं काही मागत नाही मी." आणि तिने खरोखर दुसरं काही मागितलं नव्हतं. आता मेव्हण्याला दोन मुली होत्या, धाकटी नुकतीच बोलायला लागलेली. एका पापणीला दोन घरं लटकली होती. ती इतकी जड का झाली, याचं दाजींच्या परीने हेच उत्तर होतं.

शिवाय पापणी पडायला लागली तेव्हा इमारतीचं काम आणखी पाच महिनेच चालायचं होतं. एका डोळ्याने पाच महिने निघतील असा त्यांचा हिशेब होता. इतक्या उंचीवरून एक डोळा काय आणि दोन काय, अशी ते स्वतःची समजूत घालत. आणि खोटं कशाला सांगा, चार महिने ते निभावून गेलंही.

निभावलं ते मेव्हण्याच्या "हं"मुळे. आठ वर्षं एकत्र काम केलं की बोलणं आपोआप आखूड होतं. नव्या जोड्या प्रत्येक हालचाल बोलून दाखवतात: डावीकडे, आणखी डावीकडे, थांबा, एक मीटर खाली. या दोघांनी ते कधीच सोडून दिलं होतं. माल भिंतीआड असला की मेव्हणा बोले. माल वर येऊन दाजींच्या नजरेच्या टप्प्यात आला की तो नुसता "हं" म्हणे. त्या "हं"चा अर्थ असा, की आता तुम्हाला दिसतंय, तुमचं तुम्ही बघा, मी पुढच्या तयारीला लागतो. आणि तो खरोखर पाठ फिरवून पुढच्या तयारीला लागे. साइटवर या "हं"चं फार कौतुक होतं. मॅडमनी एकदा हरकत घेतली होती, की नियमाने शेवटपर्यंत बोलत राहायला पाहिजे. मेव्हणा म्हणाला, "मॅडम, दाजींना काय सांगायचं? त्यांना माझ्यापेक्षा जास्त दिसतं."

त्या दिवशी ऊन भाजून काढत होतं. केबिनमधला पंखा गरम हवाच इकडून तिकडे फिरवत होता. थर्मासमधल्या बर्फाचं दुपारी दोनपर्यंत कोमट पाणी झालं. डावी पापणी कधीच पडली होती. दाजींनी पट्टी लावली, ती घामाने सुटली, दुसरी लावली, तीही सुटली. मग त्यांनी नाद सोडला. उजवा होता की.

आणि तीनच्या सुमाराला उजवा जड झाला.

दाजींना आधी वाटलं झोप येतेय. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, गालावर दोन चापट्या मारून घेतल्या, खाकरून बघितलं. खाकरण्याचा आणि पापणीचा काय संबंध, पण बुडत्याला तेवढंही सुचतं हे खूप झालं. काचेतून दिसणारी साइट वरच्या बाजूने अंधारत चालली होती. आधी लांबच्या इमारती गेल्या, मग गेट गेलं, मग खडीचा ढीग. दाजींनी मान मागे टाकली. आणखी मागे टाकली. डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलं, आणि त्यापुढे मागे जायला जागाच नव्हती.

"दाजी, चार साचे राहिलेत," मेव्हण्याचा आवाज आला. "उद्या सकाळी काँक्रीट आहे. मॅडम म्हणतात चारही आजच बसले पाहिजेत."

हे साचे म्हणजे भिंत ओतायचे लोखंडी पत्रे, दारापेक्षा दुप्पट उंच आणि चांगले रुंद. ढिगातून उचलायचे, स्लॅबच्या बाहेरून मोकळ्या जागेवरून फिरवून न्यायचे आणि पलीकडच्या कडेला उभे करायचे. स्लॅबवर माणसं असतात, त्यांच्या डोक्यावरून माल न्यायचा नाही. हा पहिला नियम, शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी शिकवतात तो.

दाजींनी डाव्या हाताच्या अंगठ्याने उजवी पापणी वर धरली. दिसलं. अगदी लख्ख दिसलं. पण मग डावा दांडा धरायला हात उरला नाही. पापणी सोडून दांडा धरला तर दिसेना. हात दोन, दांडे दोन, आणि त्यात ही पापणी तिसरा हात मागत होती. चिकटपट्टीचं रिकामं रीळ पायाशी पडलं होतं. दाजींना रडू यायचं बाकी राहिलं.

मग त्यांनी एक तोड काढली. बघायचं, सोडायचं, फिरवायचं. थांबायचं, बघायचं, सोडायचं, उतरवायचं. पहिला साचा असा तुकड्यातुकड्याने गेला.

"दाजी, आज हिसके का देताय?"

"वारा आहे."

साचा जागेवर बसला. "एक नंबर," मेव्हणा म्हणाला. दुसराही तसाच बसला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, आणि तिथेच घात झाला. लक्षात आलं असतं तर बरं झालं असतं. दाजींना हुरूप आला. ढिगापासून कडेपर्यंत क्रेन फिरायला तोंडातल्या तोंडात एक ते चौदा आकडे लागतात, हे त्यांनी दोनदा मोजून घेतलं होतं. मग मधे मधे थांबून बघायचं कशाला? चौदा मोजायचे, थांबायचं, हूक आत घ्यायचा, मग एकदाच बघायचं. तेवीस वर्षं हेच काम, हेच दांडे. डोळे मिटून क्रेन चालवीन असं ते पूर्वी गमतीने म्हणतही असत.

"तिसरा लागला. वर घ्या. आणखी. आणखी. हं."

दाजींनी डोळे मिटले, म्हणजे ते मिटलेच होते. डावा दांडा ढकलला. एक, दोन, तीन. वाऱ्याचं कारण त्यांनी मघाशी खोटं सांगितलं होतं. आता तो खरोखर सुटला. रुंद पत्र्याला समोरून वारा लागला आणि क्रेनचा हात अडखळत फिरू लागला. ते केबिनमध्ये कळण्याजोगं नव्हतं. डोळे उघडे असते तर दिसलं असतं. बारा, तेरा, चौदा. दाजी थांबले, हूक आत घेतला, आणि अंगठ्याने पापणी उचलून पायाखाली बघितलं.

साचा कडेला पोचलाच नव्हता. तो स्लॅबच्या मधोमध, माणसांवर लोंबकळत होता. खाली दोन पिवळी हेल्मेट आणि एक लाल. लाल हेल्मेट साइटवर एकालाच असतं, सिग्नलवाल्याला. मेव्हणा वाकून साच्याखाली द्यायचे लाकडाचे तुकडे गोळा करत होता. त्याची पाठ वर होती. तिघांपैकी एकानेही मान वर करून बघितलं नव्हतं. वर दाजी असताना कशाला बघतील?

दाजींनी दोन्ही दांडे सोडले. साचा हलत राहिला. घामाने अंगठा घसरला आणि सगळं पुन्हा बंद झालं. त्यांनी चाचपडत वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"बाजूला हो," ते म्हणाले, आणि मग ओरडले, "साच्याखालून बाजूला व्हा! सगळे! पळा!"

खरखर ऐकू आली. ते पळाले की नाही, ते त्यांना दिसत नव्हतं. त्या काही क्षणांत दाजी जे जगले ते त्यांनी पुढे कुणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

"झालो, झालो बाजूला," मेव्हणा धापा टाकत म्हणाला. "दाजी, डोक्यावर आणलात की आमच्या! काय झालं?"

"दाजी, काय प्रॉब्लेम आहे?" हा मॅडमचा आवाज. म्हणजे सगळं चॅनल ऐकत होतं. गेट ऐकत होतं, गवंडी ऐकत होते, ऑफिस ऐकत होतं.

दाजी काही बोलायच्या आत मेव्हणाच बोलला. तो घाईघाईने आणि मोठ्याने बोलला, आपल्या माणसाला सावरून घेताना बोलतात तसा. "काही नाही मॅडम, ऊन आहे. समोरून ऊन येतंय दाजींच्या डोळ्यावर. हो ना, दाजी?"

हो. एवढंच म्हणायचं होतं. मॅडम म्हणाल्या असत्या चष्मा लावा, साइट हसली असती, ऊन उतरेपर्यंत चहा झाला असता, तेवढ्यात पापणीला विश्रांती मिळाली असती आणि चौथा साचा उद्या सकाळी ताज्या डोळ्यांनी बसला असता. मेव्हण्याची नोकरी राहिली असती, बायकोला दिलेला शब्द राहिला असता, वर चढणारा दाजी राहिला असता. दाजींना ते "हो" जिभेवर अगदी तयार सापडलं. चार महिने त्यांनी दुसरं केलंच काय होतं? आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे ते लाल हेल्मेट होतं, पाठमोरं, वाकलेलं. ते जाता जात नव्हतं.

"ऊन नाही," दाजी म्हणाले. "माझे डोळे उघडत नाहीयेत. दोन्ही. मला काही दिसत नाही."



"दांड्यांना हात लावू नका," मॅडम म्हणाल्या. त्यांचं डोकं जागेवर होतं. "स्लॅब रिकामा करा. सगळे खाली. साचा असा वाऱ्यावर ठेवता येणार नाही, उतरवावा लागेल."

"मी उतरवून घेतो," मेव्हणा म्हणाला. मग त्याने घसा साफ केला आणि एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला, शिकाऊ पोराशी बोलतात तसा. "दाजी, डावा दांडा धरा. उजवीकडे फिरवा. सावकाश. चालू द्या. चालू द्या. थांबा. साचा हलतोय, थांबूया. आता हूक बाहेर. एक मीटर. आणखी अर्धा. थांबा. उजवा दांडा. खाली. खाली. खाली."

दाजी तो सांगेल तसं करत गेले. ते कुठे आहेत, साचा कुठे आहे, खाली काय आहे, त्यांना काही ठाऊक नव्हतं. सगळं जग त्या डबड्यातल्या आवाजाएवढं उरलं होतं, आणि तो आवाज चुकला तर ते मेले होते. चार महिने हा पोरगा खाली असाच उभा होता, एवढं मात्र अजून त्यांच्या मनात आलं नाही.

"टेकला," मेव्हणा म्हणाला. "हूक सोडवला. आता काही करू नका. मी वर येतो."

मेव्हण्याला वर यायला अर्धा तास लागला. तो एरवी दुसऱ्या टप्प्याच्या वर कधी चढत नसे. दाजी केबिनमध्ये मान टाकून बसून राहिले. उतरायचं म्हटलं तरी त्यांना एकट्याने उतरता येणार नव्हतं. अकरा टप्प्यांच्या शिडीला दोन हात लागतात आणि दोन डोळेही. काचेच्या पेटीत माणूस बंद आणि माणसात डोळे बंद. आता निदान कुणापासून काही लपवायचं नव्हतं, पण त्याने सुटल्यासारखं वाटलं नाही. खाली एव्हाना नव्या ऑपरेटरला फोन गेला असेल.

आणि या दुखण्याचा खोडसाळपणा असा, की अर्ध्या तासाच्या विश्रांतीने पापण्या वर आल्या. दार उघडून मेव्हणा आत डोकावला, घामाने निथळत, ओठ पांढरे पडलेले, तेव्हा दाजी त्याच्याकडे दोन्ही डोळ्यांनी टकटक बघत होते.

"उघडे तर आहेत!" मेव्हणा म्हणाला.

"आत्ता आहेत. थोड्या वेळाने पडतील. थकले की पडतात. डॉक्टरांनी सांगितलंय तसं."

"डॉक्टरांनी?" मेव्हणा दारातच थांबला. "म्हणजे हे आजचं नाही?"

"उजवा आजचा."

"आणि डावा?"

खोटं बोलायची सवय लागली की खरं बोलायला जीभ उशिरा वळते. "चार महिने झाले," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर तुलाही काढलं असतं. दोघंही घरी बसलो असतो. तुझ्या पोरी लहान आहेत. तुझ्या ताईला मी शब्द दिला होता, तुला सांभाळीन म्हणून."

मेव्हण्याने हेल्मेट काढलं आणि मांडीवर घेऊन तो दाराशी पाय सोडून बसला. त्याने खाली बघायचं टाळलं.

"मी हं म्हणून पाठ फिरवत होतो," तो म्हणाला. "रोज. दिवसातून पन्नास वेळा. का फिरवत होतो? तुम्हाला दिसतंय म्हणून. एका डोळ्याने बघताय एवढं जरी सांगितलं असतं, तरी मी पाठ फिरवली असती का? शेवटपर्यंत बोललो असतो. घसा बसेपर्यंत बोललो असतो. आणि नोकरी गेली असती तर गेली असती, दाजी. पोरींना नोकरी हवी की बाप?"

दाजींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याला पापण्यांनी अडवलं नाही.

"तू माझ्यावर हात उगार," ते म्हणाले. "पण बोलणं सोडू नकोस."

"बोलतोय की. खाली जाऊन ताईलाही तुम्हीच सांगायचं, मी नाही सांगणार." मेव्हण्याने नाक पुसलं, हेल्मेट पुन्हा डोक्यावर दाबलं आणि शिडीकडे वळून पाय खाली सोडला. "चला. पुन्हा मिटायच्या आत उतरू. मी पुढे होतो, तुम्ही माझ्या मागून या."

पुढे म्हणजे खाली. दाजींना ते लगेच कळलं. पाय घसरला, पापणी पडली, हात सुटला, तर ते सगळे आधी याच्याच अंगावर जाणार होते.

"नको," दाजी म्हणाले. "तू आधी पार खाली जा. बाजूला उभा राहा. मग मी येतो. तू माझ्या खाली राहू नकोस."

मेव्हणा दोन पायऱ्या उतरून थांबला होता. दांडीला धरलेली त्याची बोटं पांढरी झाली होती. त्याने मान वर केली आणि आठ वर्षांत पहिल्यांदा दाजींच्या डोळ्यांकडे नीट निरखून बघितलं, आधी उजव्या, मग डाव्या.

"चार महिने न सांगता उभं केलंत," तो म्हणाला. "आज सांगून उभा राहतोय. पाय टाका."

दाजींनी पाय टाकला. खाली मेव्हण्याचा हात होता, त्याने तो पाय धरून पायरीवर ठेवला.